टूटिंग येथील ग्रॅनाडा चित्रपटगृह

ऐतिहासिक साधनांची छाननी करणारास बनावट कागद हा कांहीं नवा पाहुणा नव्हे. वतनाच्या तंट्यांत पुढें आलेले खोटे महजर, मागील मिती घालून केलेल्या सनदा, पुसट शिक्क्याच्या आडोशानें खपविलेलीं दानपत्रें यांचे नमुने बहुतेक मोठ्या दफ्तरांत निघतात. डॉ. फ्लीट यांनीं १९०१ सालीं 'इंडियन अँटिक्वरी'त हिंदुस्थानांतील बनावट लेखांची चर्चा केली, तेव्हांपासून असे लेख ओळखण्याची पद्धति बरीच स्थिर झाली आहे. परंतु लेख बनावट ठरला म्हणजे त्याचें काम संपलें, ही जी समजूत रूढ आहे ती आम्हांस मान्य नाहीं. शके १५०० चा म्हणून दाखविलेला महजर वस्तुतः शके १६५० त लिहिला गेला असेल, तर शके १५०० विषयीं तो कांहीं सांगत नाहीं हें खरें. पण शके १६५० विषयीं तो जें सांगतो तें पुष्कळ अस्सल कागद सांगत नाहींत. त्या वेळीं कोणत्या हक्काला किंमत होती, जुनेपणा कशानें सिद्ध होतो असें लोक समजत, जुनें वळण कसें असतें याची लिहिणारास कितपत कल्पना होती, हें सर्व त्यांत नकळत उतरलेलें असतें.

हा न्याय कागदास लागू करण्यास फारशी हरकत कोणी घेणार नाहीं. इमारतीस तो लावला म्हणजे काय निष्पन्न होतें, तें एका उदाहरणावरून दाखविण्याचा येथें विचार आहे. उदाहरण जाणून बुजून दूरचें घेतलें आहे. कारण जवळच्या इमारतींविषयीं आपणां सर्वांचे रागलोभ आधींच ठरलेले असतात. लंडनच्या दक्षिणेस टूटिंग म्हणून एक उपनगर आहे. तेथें मिचम रोड नांवाच्या रस्त्यावर १९३१ सालीं 'ग्रॅनाडा' नांवाचें चित्रपटगृह उघडलें. आंत शिरणारास तेराव्या-चौदाव्या शतकांतील एखाद्या ख्रिस्ती महामंदिरांत आल्याचा भास होतो, आणि त्या सगळ्या नक्षींत त्या शतकांतील एक दगडहि नाहीं. असें असून इंग्लंडच्या सरकारनें २००० सालीं ह्या इमारतीस संरक्षित वास्तूंची पहिली श्रेणी दिली. वेस्टमिन्स्टर येथील पार्लमेंटची इमारत जीमध्यें मोडते तीच ही श्रेणी, आणि इ. स. १९३० नंतरच्या दशकांत बांधलेल्या चित्रपटगृहांपैकीं ती प्रथम यालाच मिळाली. हा मान चुन्या-प्लास्टरच्या सोंगाला कां मिळावा, हा प्रश्न साहजिक आहे.

प्रथम गांवाविषयीं. टूटिंग हें गांव जुनें. विल्यम राजाच्या हुकमावरून १०८६ सालीं जी पाहणी झाली, व जिचें दफ्तर डोम्सडे या नांवानें प्रसिद्ध आहे, तींत त्याचें नांव येतें. त्याचा एक भाग नॉर्मंडींतील बेक येथील मठाच्या ताब्यांत होता, म्हणून त्या भागास टूटिंग बेक असें अद्यापि म्हणतात. या इनामाच्या न्यायसभेचे जुने लेख, म्हणजे कोणी कुळानें खंड थकविला, कोणाचें जनावर कोणाच्या पिकांत शिरलें, अशा मजकुराच्या गुंडाळ्या, लंडन काउंटी कौन्सिलनें १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केल्या. खरें मध्ययुग ज्यास पाहावयाचें असेल त्याच्यासाठीं तें टूटिंगच्याच कागदांत होतें, आणि तें छापून निघाल्यावर अवघ्या बावीस वर्षांनीं त्याच गांवांत दुसरें मध्ययुग प्लास्टरमध्यें ओतलें गेलें. या दोहोंचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं, ही गोष्ट आमच्या मतें लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

गुंडाळ्या छापणाऱ्या कौन्सिलनेंच गांवाचें रूप पालटलें. विजेवर चालणारी तिची पहिली ट्राम मे १९०३ मध्यें वेस्टमिन्स्टर पुलापासून टूटिंगपर्यंत सुरू झाली. त्याच वर्षीं टॉटरडाउन फील्ड्स नांवाच्या शेतांवर कामकरी वर्गासाठीं बैठ्या वळणाचीं घरें बांधण्यास आरंभ झाला व तें काम १९११ पर्यंत चाललें. पुढें १९२६ सालीं भुयारी रेल्वे येथवर आली. शेतें गेलीं, रस्ते आंखले गेले, आणि सकाळीं शहरांत कामास जाऊन संध्याकाळीं परतणाऱ्या कारकून, दुकानदार व कारागीर लोकांची दाट वस्ती तयार झाली. घरें लहान, एकास एक लागून, रांगेच्या रांगा. शहराच्या मध्यभागीं मोठीं नाट्यगृहें होतीं. पण कुटुंब घेऊन तेथें जावयाचें तर भाडें, तिकीट आणि त्या जागेला शोभेल असा पोशाख, तिन्हींची तजवीज करावी लागे. उपनगरांतील चित्रपटगृह हें या मनुष्यासाठीं होतें. चार पेन्स-सहा पेन्स खर्चून दोन-तीन तास राजवाड्यांत बसावयास मिळे, हें त्याचें रहस्य.

हें रहस्य ज्यानें नीट ओळखलें तो या गृहाचा मालक सिडनी बर्नस्टाइन होय. जन्म १८९९, मृत्यु १९९३. नाटक-सिनेमाचा धंदा त्यास बापाकडून मिळाला. पण तो निव्वळ धंदेवाईक नव्हता. लंडनमध्यें १९२५ सालीं जी फिल्म सोसायटी निघाली, व जिनें रशियन, जर्मन इत्यादि देशांचीं चित्रें तेथील जाणत्या लोकांस दाखविलीं, तिच्या संस्थापकांत तो होता. दुसरी गोष्ट इतिहासाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाची. १९२७ सालापासून त्यानें आपल्या गृहांतील प्रेक्षकांस छापील प्रश्नपत्रिका वाटण्यास सुरुवात केली. कोणते नट आवडतात, कोणत्या प्रकारचीं चित्रें आवडतात, असे प्रश्न त्यांत असत, आणि पुढें अनेक वर्षें हा प्रघात अधूनमधून चालू राहिला. सामान्य मनुष्याची आवडनिवड त्याच्याच हातून लिहून घेतल्याचीं उदाहरणें इतिहासांत फार थोडीं. आमच्याकडील संग्राहकांस अशी एखादी पेशवाईंतील लावणीच्या श्रोत्यांची यादी सांपडती, तर ती त्यांनीं किती जपली असती!

'ग्रॅनाडा' हें नांव स्पेनमधील शहराचें. बर्नस्टाइन यास तो देश आवडे. तिकडील भटकंतींत हें नांव त्याच्या मनांत भरलें. ह्या नांवाचें पहिलें गृह डोव्हर बंदरांत जानेवारी १९३० मध्यें निघालें, त्याच वर्षीं लंडनच्या ईशान्येकडील वॉल्थमस्टो येथें दुसरें मोठें गृह झालें, आणि टूटिंगचें गृह ७ सप्टेंबर १९३१ रोजीं उघडलें. पहिल्या दिवशीं 'माँटे कार्लो' हें लुबिट्शचें संगीत चित्र होतें. बसण्याच्या जागा तीन हजारांहून अधिक. एका गांवठाणाएवढी माणसें एका छपराखालीं दिव्यें मालवून बसविण्याचा हा प्रकार, आणि तोहि एका उपनगरांत!

इमारतीचा सांगाडा व बाहेरची बाजू सेसिल मेसी या वास्तुशिल्पज्ञाची. आंतील सर्व सजावट थिओडोर कोमिसार्जेव्स्की याची. ह्या दुसऱ्या मनुष्याविषयीं दोन शब्द अधिक लिहिणें अवश्य आहे, कारण इमारतीचें मर्म त्याच्या चरित्रांत आहे. हा रशियन, जन्म १८८२ सालीं व्हेनिस येथें झाला. बाप संगीत नाटकांतील नामांकित गायक व स्टॅनिस्लाव्हस्कीचा शिक्षक. बहीण वेरा ही रशियाची मोठी नटी. चेखवच्या 'सीगल' नाटकांतील नीनाची भूमिका १८९६ सालीं प्रथम तिनेंच केली. भाऊ स्वतः नाटकें बसविणारा दिग्दर्शक. रशियांतील क्रांतीनंतर १९१९ सालीं तो इंग्लंडांत आला, आणि १९२५-२६ मध्यें बार्न्स येथील एका लहान नाट्यगृहांत त्यानें चेखवचीं नाटकें इंग्रजींत अशीं बसविलीं कीं त्या लेखकाची इंग्लंडांतील कीर्ति तेथून वाढली. तरुण जॉन गिलगुड त्यांत काम करीत असे. गंमत अशी कीं, हें बार्न्सचें नाट्यगृह पूर्वीं सिनेमागृहच होतें. म्हणजे ज्यानें उपनगरांतील एका सिनेमांत चेखव आणला, त्यानेंच पुढें उपनगरांतील दुसऱ्या सिनेमासाठीं महामंदिर उभारलें. नाटकांतील वेषभूषेच्या इतिहासावर त्याचा ग्रंथ आहे. तात्पर्य, जुन्या काळाचें रूप रंगमंचावर प्रेक्षकांपुढें कसें उभें करावें, हा त्याचा जन्माचा व्यवसाय होता. टूटिंगमध्यें त्यानें एवढेंच केलें कीं पडदा रंगमंचावर न टांगतां प्रेक्षकांच्या भोंवतीं टांगला.

आतां इमारत पाहूं. रस्त्यावरून पाहणारास मध्ययुगाची सूचनाहि मिळत नाहीं. दर्शनी भाग फिकट रंगाचा, उंच, इटालियन वळणाचा. मध्यें कोरिंथियन पद्धतीचे चार उंच खांब. मागची बाजू साध्या विटांची. उपनगरी चित्रपटगृहांची ही रीतच होती कीं शोभेचा पैसा रस्त्याकडील तोंडावर खर्च करावा आणि बाजूच्या गल्लींतून जें दिसेल तें वखारीसारखें दिसलें तरी चालेल.

दरवाज्यांतून आंत गेलें कीं प्रवेशदालन. येथें बाहेरच्या इटलीचा मागमूस नाहीं. जाड तुळयांचें छत, वर भाट-गवयांसाठीं असतो तसा सज्जा, सारें एखाद्या जुन्या सरदाराच्या गढींतील बैठकीप्रमाणें. पुढें संगमरवरी जिना. जिन्यानें वर गेलें कीं तो प्रसिद्ध आरसेमहाल लागतो. मठांत अंगणाच्या कडेनें फिरण्यासाठीं कमानींची पडवी असते, तशी ही लांबच लांब पडवी आहे. फरक इतकाच कीं कमानींच्या आंत आरसे बसविले आहेत. एका कमानींत दुसरी, दुसरींत तिसरी, असें प्रतिबिंब पडत जाऊन पडवीला अंत नाहींसा होतो. तिकीट काढून आंत सुटण्याची वाट पाहणारी गर्दी याच मार्गांत उभी राही. थांबण्याचा कंटाळवाणा वेळ देखील करमणुकींत जमा करण्याची ही युक्ति खास नाटकवाल्याची. मध्ययुगांतील कोणत्याहि मठांत एवढाले काचेचे आरसे असणें शक्य नव्हतें. खोटा महजर लिहिणारा एखादा फारशी शब्द त्या काळीं प्रचारांत येण्यापूर्वींच घालून बसतो, तशी ही खूण आहे. मात्र महजर लिहिणारा ती खूण चुकून ठेवतो, कोमिसार्जेव्स्कीनें ती सर्वांत भपकेबाज जागीं ठेवली.

मुख्य प्रेक्षागाराचें वर्णन करणें कठीण आहे. रंगमंचाच्या तोंडावर टोकदार, शिखराकार छत्र्यांची रांग लोंबते. दोन्ही बाजूंच्या भिंती गॉथिक कमानींनीं भरल्या आहेत. कमानींत नाजूक जाळीकाम आहे आणि चक्राकार खिडक्यांच्या आकृति आहेत. छत चौकटींचें. बाजूच्या कमानींत मध्ययुगीन पेहेरावांतील स्त्रीपुरुष, गायक-कवि यांचीं रंगीत चित्रें उभीं आहेत. जुन्या सचित्र ख्रिस्ती पोथ्यांच्या समासांत अशा बारीक आकृति असतात. येथें त्या पोथींतून उठून भिंतीवर मनुष्याहून मोठ्या झाल्यासारख्या दिसतात. पोथींतील चित्र हातभर अंतरावरून एकानें पाहावयाचें असतें. येथें तें तीन हजारांनीं दुरून, अंधुक रंगीत प्रकाशांत पाहावयाचें. म्हणून रेषा ठळक केल्या, बारकावे गाळले. हा फरक ज्यानें केला त्यास मूळ पोथ्यांची ओळख चांगली होती आणि आपल्या प्रेक्षकांची त्याहून चांगली.

हें सर्व काम कशाचें? तंतुयुक्त प्लास्टरचें. ही कृति वाचकांपैकीं पुष्कळांस अपरिचित असेल, म्हणून सांगतों. प्रथम कारागीर मूळ नक्षी मातींत घडवितो. तिच्यावरून सांचा घेतात. सांच्यांत प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर ओततात, त्यावर तागाचें विरळ कापड व लांकडी पट्ट्या दाबतात, वर आणखी एक थर देतात. वाळल्यावर जो तुकडा निघतो तो मोठा असून हलका व बळकट असतो. असे तुकडे कारखान्यांत तयार करून जागेवर आणावयाचे, पोलादी सांगाड्यास टांगावयाचे, सांधे बुजवावयाचे, आणि मग दगडाचा किंवा ओक लांकडाचा रंग द्यावयाचा. देसाशी नांवाच्या फ्रेंच कारागिरानें इंग्लंडांत या कृतीचें पेटंट १८५६ सालीं घेतलें, तेव्हां ती १९३१ सालीं नवी नव्हती. हिचा विशेष हा कीं एका सांच्यांतून कमानी हव्या तेवढ्या निघतात. गॉथिक देवळाच्या खऱ्या कारागिरानें प्रत्येक स्तंभशीर्ष छिनीनें स्वतंत्र घडविलें, त्याचें नातें हस्तलिखिताशीं. टूटिंगच्या कमानीचें नातें छापखान्याशीं. हस्तलिखितांच्या संग्राहकास या फरकाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. पण छापील प्रतीला कोणी बनावट पोथी म्हणत नाहीं, हेंहि त्यानें ध्यानांत घ्यावें.

येथें आरंभीं वापरलेला 'बनावट' हा शब्द आम्हांस थोडा मागें घ्यावा लागतो. बनावट कागद फसविण्यासाठीं असतो. टूटिंगमध्यें कोणीहि फसत नव्हता. बाहेर ट्रामची घंटा वाजत होती, तिकिटाच्या खिडकीशीं पैसे मोजून दिले होते, आणि आंत मठ होता. हा मठ परवां बांधला हें पोरासोरांसहि ठाऊक होतें. नटाच्या डोक्यावरचा मुकुट पितळेचा आहे म्हणून कोणी त्यास खोटा मुकुट म्हणून कोर्टांत नेत नाहीं. तसें हें. परंतु पितळेचा मुकुट तरी प्रयोगापुरता असतो. ही इमारत प्रयोग संपल्यावर उभी राहिली, आणि म्हणूनच ती साधनांच्या कक्षेंत आली. १९३१ सालच्या उपनगरी मनुष्यास भव्यता कशांत वाटत होती, फुरसतीच्या तीन तासांत त्यास कोठें असावेंसें वाटत होतें, याचें याहून प्रत्यक्ष उत्तर कोणत्याहि दफ्तरांत मिळणार नाहीं.

गॉथिकच कां, यास उत्तर शोधावयाचें तर एकोणिसाव्या शतकांत जावें लागतें. १८३४ सालीं पार्लमेंटची जुनी इमारत जळाली व तिच्या जागीं बॅरी आणि प्यूजिन यांनीं गॉथिक पद्धतीची नवी बांधली, तेव्हांपासून त्या पद्धतीस राष्ट्रीय प्रतिष्ठा आली. मुंबईकरांस हें गॉथिक परकें नाहीं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यानें बांधलेलें व १८८८ सालीं पुरें झालेलें बोरीबंदरचें स्टेशन ही त्याच वळणाची कृति आहे, आणि ती सबंध दगडांत आहे. ह्याच स्टीव्हन्सचा मुलगा चार्ल्स यानें मुंबईचें 'रीगल' चित्रपटगृह आंखलें, तें १९३३ सालचें. त्यांत गॉथिकचा लवलेश नाहीं. सरळ रेषा, सपाट पृष्ठें, त्या वेळचें अगदीं नवें वळण. बापानें रेल्वेसाठीं देऊळ बांधलें, मुलानें सिनेमासाठीं देऊळ बांधण्याचें नाकारलें. आणि खुद्द लंडनजवळ त्याच सुमारास एक रशियन मनुष्य सिनेमासाठीं तेंच देऊळ प्लास्टरमध्यें पुन्हां उभें करीत होता. शैलींचा काळ ठरवितांना 'अमुक वर्षापुढें अमुक पद्धति बंद पडली' असें जे सरसकट लिहितात, त्यांनीं ह्या दोन इमारतींच्या तारखा शेजारीं ठेवून पाहाव्या.

इंग्लंडांतहि नवें वळण पुढें सरसावत होतेंच. बर्मिंगहॅमच्या किंगस्टँडिंग उपनगरांतील 'ओडियन' हें १९३५ सालचें गृह त्याचें उत्तम उदाहरण. बाहेरून उंच पट्ट्यांचा मनोरा दुरून दिसतो, आंत मात्र बेताचें. ओडियनवाल्यांनीं इमारतीचीच जाहिरात केली. ग्रॅनाडावाल्यांनीं सारी पुंजी दाराच्या आंत ठेवली. जाणते टीकाकार नव्या वळणाच्या बाजूचे होते व अशा नकली गॉथिकाची थट्टा करीत. ती थट्टा अगदींच अनाठायीं होती असें आम्ही म्हणत नाहीं. आंत शिरल्यावर कोठें डोळा ठेवावा हें समजत नाहीं, इतकी दाटी तेथें आहे.

एक उपयोग मात्र त्या दाटीचा झाला. मूकपटांच्या काळांत बांधलेल्या मोठ्या गृहांत बोलपट दाखवितांना आवाज घुमे. सपाट भिंतीवरून ध्वनि परतून शब्द एकमेकांत मिसळत. खांचाखोंचांच्या, जाळीदार भिंतीवरून तो तसा सरळ परतत नाहीं, विखुरतो. बोलपट आले तरी वाद्य गेलें नव्हतें. टूटिंगला वुर्लिट्झर कारखान्याचा मोठा ऑर्गन बसविला होता. वाजविण्याच्या पट्ट्या चार, नळ्यांचे समूह चौदा. ह्या जातीच्या वाद्यांत वाजविणारा व नळ्या यांचा संबंध विजेच्या तारांनीं असतो, त्यामुळें नळ्या दुसरीकडे ठेवतां येतात. येथें त्या रंगमंचाखालील खोल्यांत ठेवल्या. वाजविणारा आपल्या पट्ट्यांसह खड्ड्यांतून यंत्रानें वर येई, दोन खेळांच्या मधल्या वेळांत वाजवी, आणि पुन्हां खालीं जाई. महामंदिरांतील ऑर्गनची ही आणखी एक नक्कल. फक्त तेथील वादक असा जमिनींतून उगवत नसे.

गृहाला खरा रंगमंचहि असल्यामुळें पुढें गायनाचे जलसे होऊं लागले. फ्रँक सिनाट्रा १९५३ सालीं येथें गायला, बीटल्स मंडळी १९६३ सालीं येऊन गेली. परंतु चित्रपटाचा ओघ तोंपर्यंत ओसरला होता. ब्रिटनमध्यें १९४६ सालीं चित्रपटगृहांत १६३ कोटींहून अधिक तिकिटें खपलीं. १९७३ सालीं तो आंकडा सुमारे १३ कोटींवर आला. लोक घरींच दूरचित्रवाणी पाहूं लागले होते. खुद्द बर्नस्टाइन यानें १९५६ सालीं ग्रॅनाडा याच नांवानें दूरचित्रवाणी सुरू केली होती, तेव्हां आपल्या गृहांचा ग्राहक घरीं बसविण्यास त्याचाहि हातभार लागलाच. लंडनमधील एलिफंट अँड कॅसल येथील 'ट्रोकाडेरो' हें १९३० सालचें प्रचंड गृह १९६३ सालीं पाडलें गेलें होतें. टूटिंगचें गृह १९७३ सालीं चित्रपटांस बंद झालें, तेव्हां त्याचीहि तीच गति व्हावयाची.

ती झाली नाहीं याचें कारण एक कायदा आणि एक जुगार. कायदा असा: इंग्लंडांत १९४७ पासून नगररचनेच्या कायद्यान्वयें महत्त्वाच्या इमारतींच्या याद्या करतात, आणि टूटिंगचें गृह बंद होण्याच्या आदल्याच वर्षीं, १९७२ त, त्या यादींत दाखल झालें होतें. त्या वेळीं इमारतीचें वय अवघें एकेचाळीस वर्षांचें. जुगार असा: १९६० च्या कायद्यानें तेथें बिंगोचीं मंडळें चालविण्यास मोकळीक मिळाली. आपल्याकडे ज्यास तंबोला किंवा हौजी म्हणतात तोच हा खेळ. त्यास मोठें दालन, पुष्कळ बैठका व एक उंच जागा लागते, आणि चित्रपटगृहांत तिन्ही आयत्या मिळतात. १९७६ पासून ग्रॅनाडांत बिंगो सुरू झाला. पुढें चालक मंडळ्या बदलत गेल्या. खेळ तोच राहिला. वास्तूच्या अभिमान्यांस हा वापर हलका वाटला असेल. पण देवळांतील दिवा कोणी लावला यापेक्षां तो लागत राहिला हें अशा प्रसंगीं अधिक मोलाचें. ऑर्गन एवढा सुदैवी ठरला नाहीं. तो दुरुस्त करून २००७ सालीं वाजविण्यांत आला, आणि त्याच वर्षीं पुराचें पाणी रंगमंचाखालीं शिरून नळ्यांचें नुकसान झालें.

एकेचाळीस हा आंकडा आम्हीं मुद्दाम दिला. आपल्या देशांत १९५८ च्या कायद्याप्रमाणें प्राचीन स्मारक ठरण्यास वास्तूचें वय निदान शंभर वर्षें असावें लागतें. हस्तलिखितास व कागदपत्रास १९७२ च्या कायद्यानें सवलत आहे. तेथें पंचाहत्तर वर्षें पुरतात. पुण्यास मंडईजवळ १९१५ सालीं उघडलेलें 'आर्यन' हें शहरांतील पहिलें चित्रपटगृह १९८३ सालीं पाडलें गेलें, तेव्हां तें अडुसष्ट वर्षांचें होतें. म्हणजे तें इमारत नसून पोथी असतें, तरीहि सात वर्षें कमी पडलीं असतीं. त्या जागीं वाहनतळ झाला. मुंबईपुरते १९९५ सालीं जे वारसा-नियम झाले त्यांत वयाऐवजीं श्रेणीनें इमारती धरल्या आहेत. ती सुधारणा आर्यनच्या कामीं येण्यास उशीर झाला होता, आणि तें गांवहि निराळें.

ग्रॅनाडाच्या भावंडांची हकीकत थोडक्यांत देतों. वुलिच येथील १९३७ सालचें गृह, ज्याची सजावट कोमिसार्जेव्स्कीचीच, पुढें खरोखरीचें ख्रिस्ती प्रार्थनामंदिर झालें. ज्या शैलीची तेथें नक्कल केली होती तिच्या मूळ धंद्याकडे इमारत परत गेली. वॉल्थमस्टोचें गृह २००३ सालीं बंद पडलें, एका धर्मपंथानें विकत घेतलें, पण वापर बदलण्यास परवानगी मिळाली नाहीं. बरींच वर्षें कुलूप होतें. अखेर तेथील स्थानिक कौन्सिलनें तें खरेदी करून दुरुस्त केलें, आणि मे २०२५ मध्यें तें नाटकें व हास्यप्रयोग यांसाठीं पुन्हां उघडलें.

ह्या दुरुस्त्या करणारांस मूळ नकाशे, जुनीं छायाचित्रें, उद्घाटनाच्या दिवशींचीं पत्रकें यांचा उपयोग होतो. असे कागद गोळा करण्यासाठीं सिनेमा थिएटर असोसिएशन नांवाची संस्था तेथें १९६७ पासून आहे. आमच्याकडील जुन्या चित्रपटगृहांचे परवाने, भाडेचिठ्ठ्या, बांधकामाचे नकाशे, खेळांचीं हस्तपत्रकें, तिकिटांचीं अर्धुकें हीं बहुशः खासगी घरांत, पोत्यांत किंवा माळ्यावर आहेत. रद्दीच्या भावानें तीं जातात. ज्या वाचकांच्या संग्रहीं असें कांहीं असेल त्यांनीं निदान त्यावरील तारीख, गांव व गृहाचें नांव उतरून ठेवावें, आणि मोडी दफ्तरें तपासतांना मध्येंच एखादें रंगीत पत्रक निघालें तर तें बाजूस न टाकतां त्याच रुमालांत बांधून ठेवावें.